नमुना क्रमांक एक

बीज परीक्षण प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या माणसाला एक खोड लागते, नोंदवहीत खोटं न लिहिण्याची. बाहेर तो काय वाटेल ते बोलेल, आजारी आहे म्हणून साहेबाला सांगून सिनेमाला जाईल. पण ताटलीतल्या शंभर दाण्यांपैकी बहात्तर उगवले असतील तर वहीत बहात्तरच लिहील, त्र्याहत्तर नाही. अकोल्याच्या जठारपेठेतल्या विलासराव तायड्यांना ही खोड होती आणि त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाईंनाही होती. दोघांनी एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून पस्तीस वर्षं दाणे मोजले. लग्न तिथंच जमलं आणि निवृत्तीही पाठोपाठ झाली.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी विलासरावांना विसरण्याचा आजार जडला. तेव्हापासून ज्योत्स्नाबाईंनी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. आंघोळीचं पाणी काढून द्यायचं, पेपर वाचून दाखवायचा, दुपारी पायांना तेल लावायचं. या सेवेपायी त्यांनी स्वतःचा जीव की प्राण असलेला संग्रहसुद्धा सोडला होता. जुन्या गावरान ज्वारीचे दोनशे चौदा वाण त्यांनी गावोगाव फिरून बाटल्यांत जमवले होते, ते सगळे कृषी विद्यापीठाला देऊन टाकले. "मला तू लागतेस आता," असं विलासराव म्हणाले होते. एवढं ऐकल्यावर बाटल्या काय घेऊन बसायच्या?

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्या विलासरावांच्या बुटाची नाडी बांधत होत्या, तेवढ्यात नागपूरहून फोन आला.

"ज्योत्स्ना तायडे बोलताहेत का? मी मेंदूविकार केंद्रातून बोलते. सत्तावीस तारखेला तिसरी फेरी आहे."

"हो, लक्षात आहे. घेऊन येते मी त्यांना."

"कोणाला?"

"यजमानांना. पेशंटला."

पलीकडच्या मुलीने कागद चाळले. "मॅडम, पेशंट तुम्ही आहात. लागोपाठ दोन तपासण्यांत तुमचे गुण सामान्य आले. म्हणून या वेळी नातेवाइकाची सही चालणार नाही, तुमची स्वतःची लागेल. तेवढंच सांगायला फोन केला."

"तुमच्या कागदांत अदलाबदल झालीय, बाळ. नीट बघ. मी सोबतीला येते फक्त."

"मी डॉक्टरांना विचारून सांगते," असं म्हणून मुलीने घाईने फोन ठेवला.

ज्योत्स्नाबाईंना हसूच आलं. एवढं मोठं केंद्र, आणि पेशंट कोण नि सोबती कोण याचा पत्ता नाही. त्या पुन्हा नाडी बांधायला वाकल्या.

"काय म्हणाले?" विलासरावांनी विचारलं. "सत्तावीसलाच जायचंय ना?"

"हो," त्या म्हणाल्या. मग त्यांची बोटं नाडीवरच थांबली. तारीख त्यांनी मोठ्याने उच्चारलीच नव्हती. कालच्या जेवणात काय होतं हे ज्याला आठवत नाही, त्याला ही तारीख बरी आठवली. त्यांनी गाठ मारली, विलासरावांना अंगणातल्या खुर्चीत नेऊन बसवलं आणि आत आल्या.

आता ही तिसरी फेरी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपल्या शरीरातली पेशी ठरावीक वेळाच विभागू शकते. त्यानंतर, किंवा तिच्या आतल्या गुणसूत्रांना फार इजा झाली तर, ती विभागायचं थांबते. अशी पेशी मरून जायला हवी. बहुतेक मरतातही. पण काही मरत नाहीत. काम सोडून नुसत्या बसून राहतात. बसून राहायलाही हरकत नव्हती, पण त्या दाह निर्माण करणारी रसायनं सतत पाझरत राहतात आणि शेजारच्या धडधाकट पेशींना आपल्यासारखं करून ठेवतात. तरुणपणी शरीर असल्या पेशी वेळच्या वेळी झाडून काढतं. वय वाढलं की ती झाडलोट मंदावते.

मेंदूत विचार करणाऱ्या चेतापेशी असतात, आणि त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केरकचरा उचलणाऱ्या मदतनीस पेशी असतात. म्हाताऱ्या होऊन बसतात त्या बहुतेक या मदतनीस. दाण्यांच्या ताटलीत एका कुजक्या दाण्याला बुरशी आली की तिसऱ्या दिवशी तिचे धागे शेजारच्या अंकुरांवर दिसतात, तसंच इथेही होतं. चेतापेशींना खाणं मिळेनासं होतं, त्यांच्यात नको त्या प्रथिनांच्या गाठी साठतात आणि माणूस विसरू लागतो. नागपूरच्या केंद्राने शोधलेलं औषध या बसकण मारलेल्या पेशी हुडकून काढायचं आणि ज्याच्या जोरावर त्या मरण चुकवत होत्या ते कवचच निकामी करायचं. औषध रोज घ्यावं लागत नसे. एका फेरीत दोन दिवस कॅप्सूल, मग वर्षभर काही नाही. जुन्या पेशी एकदा गेल्या की नव्या साठायला वेळ लागतो.

पहिल्या दोन फेऱ्या घरीच झाल्या होत्या. तुलना करता यावी म्हणून सोबत्यालाही साध्या कॅप्सूल देतात, असं विलासराव म्हणाले होते. टेबलाशी समोरासमोर बसून ज्योत्स्नाबाईंनी त्यांना त्यांच्या कॅप्सूल दिल्या आणि त्यांनी ज्योत्स्नाबाईंना त्यांच्या. दर तीन महिन्यांनी नागपूरला दोघांचीही तपासणी व्हायची. डॉक्टर "छान प्रगती आहे" म्हणायच्या आणि ज्योत्स्नाबाई खुशीत नवऱ्याकडे बघायच्या.

विलासरावांच्या कपाटात हिरव्या पुठ्ठ्याची एक नोंदवही होती. पेशंटने आपल्या रोजच्या नोंदी स्वतः लिहायच्या असतात, असं त्यांनी सांगितलं होतं. ज्योत्स्नाबाईंनी दोन वर्षांत ती उघडली नव्हती, कारण प्रयोगशाळेतली शिस्तच तशी. एका नमुन्याची मोजणी दोघं जण वेगवेगळी करतात आणि मोजणी पुरी होईपर्यंत कोणी कोणाच्या वहीत डोकावत नाही. डोकावलं की आकडा आपसूक जुळतो. दुसऱ्या कुठल्या बायकोने ती वही पहिल्याच आठवड्यात चाळली असती. आज मात्र त्यांनी ती काढली आणि पलंगावर बसून उघडली.

पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात 'नमुना क्रमांक एक' असं लिहिलं होतं. प्रयोगशाळेत नमुन्यावर मालकाचं नाव कधी घालत नसत, नुसता आकडा. अंकुर धड असला तर 'सामान्य' लिहायचं, नसला तर 'असामान्य'.

"दिवस पहिला. दूध उतू गेलं. नमुना अंगणात उभा, गॅस चालू. असामान्य."

"दिवस एकोणीस. बाटल्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट. ज्वारीच्या बाटलीत बाजरी. असामान्य."

ज्योत्स्नाबाईंना तो दिवस आठवला. त्या चिठ्ठ्या विलासरावांनी बदलल्या होत्या. निदान ते तसं म्हणाले होते, आणि ज्योत्स्नाबाईंनी विद्यापीठाच्या लोकांपुढे त्यांना सांभाळून घेतलं होतं. बिचाऱ्याने आपल्या चुका किती प्रामाणिकपणे टिपून ठेवल्यात, या विचाराने त्यांना भरून आलं. त्यांनी पान उलटलं.

"दिवस चव्वेचाळीस. नमुन्याने मला जेवायला वाढलं. दहा मिनिटांनी पुन्हा वाढलं. मी दोन्ही वेळा जेवलो."

हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. पुढे होतं, "दिवस एकसष्ट. नमुन्याला पहिली फेरी, दोन कॅप्सूल. मी व्हिटॅमिनच्या घेतल्या."

या आजाराची एक तऱ्हा अशी, की तो ज्याला होतो त्यालाच कळत नाही. आपलं काही चुकतंय हे कळायला मेंदूचा जो भाग लागतो, तोच आधी मंदावतो. ज्योत्स्नाबाईंना हे पाठ होतं. केंद्राच्या माहितीपत्रकातून त्यांनीच विलासरावांना वाचून दाखवलं होतं. आता त्या पलंगावर बसून आपली दोन वर्षं दुसऱ्याच्या अक्षरात वाचत होत्या. बायकोशी हा माणूस दिवसरात्र खोटं बोलला. वहीशी बोलला नाही.

त्या शेवटपर्यंत वाचत गेल्या. आधी पानभर 'असामान्य', मग एखादा 'सामान्य' मध्येच डोकावणारा, मग निम्मेनिम्मे. दिवस पाचशे चाळीसपासून पुढे सगळे सामान्य. त्यांनी बोट ठेवून मोजले. सलग दोनशे बारा दिवस. शेवटची नोंद कालची होती.

त्या दोनशे बारा दिवसांत अधूनमधून एक-दोन ओळी जास्तीच्या होत्या. "नमुन्याने पायांना तेल लावलं. सामान्य." "नमुन्याने नाडी बांधली. मला बांधता येते हे सांगायला हवं." "विद्यापीठाचा फोन. रब्बीच्या पेरणीला नमुन्याला बोलावलं. जुन्या बियांची उगवण घटलीय, या हंगामात जमिनीत गेलं नाही तर काही वाण जातील म्हणतात. माझी तब्येत बरी नसते, तिला जमणार नाही, म्हणून कळवलं."

ज्योत्स्नाबाईंनी वही मिटली नाही. उघडीच घेऊन त्या अंगणात गेल्या आणि ती विलासरावांच्या मांडीवर ठेवली.

विलासराव वहीकडे बघत राहिले. खोटं बोलायला त्यांना जागाच उरली नव्हती, आणि एका परीने त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. खुर्चीत दोन वर्षं पोक काढून बसणारा माणूस सरळ बसला. तेच ज्योत्स्नाबाईंना सर्वांत जास्त लागलं.

"आईचं तेरावं झालं त्या दिवशी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"आठवतंय."

"आठवणारच. तुम्हाला सगळंच आठवतं. सांगा ना."

"मला आईसारखं झालं तर माझ्यावर औषधांचे प्रयोग करू नका, मला जाऊ द्या, असं म्हणालीस." विलासराव खाली बघत म्हणाले. "मी हो म्हणालो होतो. पण ज्योत्स्ना, तेव्हा असलं औषध नव्हतं. तू एकदा घरचा रस्ता चुकलीस. भाजीवाल्याने आणून सोडलं तुला. तुला दवाखान्याचं नाव काढलं की तू चिडायचीस. मग म्हटलं, माझ्यासाठी म्हणून तरी येईल. आणि आलीस."

"आले," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. आईची शेवटची नऊ वर्षं त्यांनी पाहिली होती. दर सहा महिन्यांनी नवा डॉक्टर आणि नवी गोळी, आणि आई रोज आधीपेक्षा थोडी कमी. ते त्यांना नको होतं. तरी आज त्या इथे उभ्या होत्या, शुद्धीत, आणि ते या माणसाने दिलेला शब्द मोडला म्हणून. हे त्यांना दिसत होतं. डोळ्यांवर कातडं ओढून घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "राग येतो, पण समजतं. पहिलं खोटं माझ्यासाठी होतं. मग दिवस पाचशे चाळीसच्या पुढे? ते कोणासाठी?"

विलासरावांनी मांडीवरची वही मिटली.

"सात महिने मी बरी आहे. सात महिने माझ्या हातून पायांना तेल लावून घेता. मी देवापुढे तुमच्यासाठी हात जोडत होते आणि तुम्ही आत बसून 'सामान्य' लिहीत होता. लाज नाही वाटली?"

"वाटली," ते म्हणाले. "रोज वाटली. रोज ठरवायचो, उद्या सांगू." मग म्हणाले, "अडतीस वर्षं झाली लग्नाला. आधी नोकरी होती, मग सायलीला वाढवणं, मग त्या बाटल्या. तू कधी अशी माझ्याजवळ बसली नव्हतीस. वाटलं, अजून थोडे दिवस."

"मागायचं होतं."

"मागून मिळालं असतं?"

या प्रश्नाने ज्योत्स्नाबाईंना आणखीच राग आला. फसवणाऱ्याने वर आपल्यालाच विचारात पाडावं, ही तर कमालच झाली.

दुपारी त्यांनी विद्यापीठात फोन लावला. दोनशे चौदांपैकी एकोणीस वाण उगवलेच नाहीत, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. गावरान ज्वारी कुठली खोल पेरायची आणि कुठली ओल बघून वरवर टाकायची, हे फक्त ज्योत्स्नाबाईंनाच ठाऊक होतं. "तुम्हाला बोलावलं होतं, मॅडम. पण तुमचे यजमान अंथरुणाला खिळलेत असं कळलं," त्या बाई हळहळत म्हणाल्या.

मग त्यांनी मुलीला, सायलीला, बंगळुरूला फोन केला. तिला माहीत होतं का, एवढंच विचारलं.

"आई, बाबांनी तुझ्यासाठीच केलं गं," सायली म्हणाली.

"आणि बरी झाल्यावर?"

"मी तीनदा म्हटलं त्यांना, आता सांगा म्हणून. ते म्हणाले, तिला धक्का बसेल."

"तू का नाही सांगितलंस?"

सायली रडायला लागली. मूग गिळून बसलेल्या माणसाचं रडणं ऐकण्याइतकी ताकद ज्योत्स्नाबाईंत त्या दिवशी नव्हती. त्यांनी फोन ठेवून दिला.

सत्तावीस तारखेला दोघं सकाळच्या विजेच्या बसने नागपूरला गेले. चार तासांत त्यांचं बोलणं झालं ते खिडकी उघडण्याबद्दल. विलासरावांनी चहा आणून दिला, तो ज्योत्स्नाबाईंनी घेतला नाही.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नंदिता बिडवई दारापर्यंत सामोऱ्या आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "ज्योत्स्नाताई, मला खरंच वाटत होतं की तुम्हाला माहीत आहे. विलासरावांनी सांगितलं होतं, तिला कल्पना आहे, पण तिच्यासमोर आजाराचं नाव काढू नका, तिला त्रास होतो. मी तुमच्याशी एकदा एकटीशी बोलायला हवं होतं. चूक झाली माझी."

"तुम्हाला त्यांनी फसवलं, मला त्यांनी फसवलं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आता पुढचं बोला."

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. कॅप्सूलमधून औषध मेंदूत थोडंच उतरतं. तिसऱ्या फेरीत ते शिरेतून देतात, त्यामुळे मेंदूच्या खोल भागात दडून बसलेल्या म्हाताऱ्या पेशीही निघतात. त्या राहिल्या तर पुन्हा दाह पसरवतात. तिसरी फेरी घेतलेल्यांपैकी बहुतेकांचा आजार सहा वर्षांत उलटलेला नाही. न घेतलेल्यांचा वर्ष-दीड वर्षात उलटला.

"म्हणजे नाही घेतलं तर मी पुन्हा विसरायला लागेन."

"हो."

"सगळं?"

"आधी अलीकडचं जाईल. गेल्या दोन-तीन वर्षांतलं."

ज्योत्स्नाबाईंनी समोरच्या संमतीच्या कागदाकडे बघितलं. औषध नाही घेतलं तर आईची वाट पुन्हा समोर होती. पण त्या वाटेवर पहिली पुसली जाणार होती ती हिरवी वही, ते दोनशे बारा दिवस, ते एकोणीस वाण. घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. आपण नवऱ्याची सेवा करतोय अशा समजुतीत त्या सुखाने बसतील आणि नवरा त्यांना सांभाळेल. औषध घेतलं तर मात्र हे सगळं रोज सकाळी उठून आठवायचं, आणि शेवटपर्यंत आठवायचं. डोकं चांगलं राहण्याचं दुःख असतं हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

त्या शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. "तुम्ही सांगा. एकदा तरी खरं सांगा. मी हे घ्यावं असं तुम्हाला वाटतं का?"

सोपा प्रश्न होता. या औषधासाठीच तर या माणसाने दोन वर्षं सोंग घेतलं होतं.

विलासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग आपल्या हातांकडे. समोर डॉक्टर पेनचं टोपण काढून थांबल्या होत्या. ज्योत्स्नाबाई त्यांना चाळीस वर्षं ओळखत होत्या. हा माणूस मनात हिशेब मांडतो तेव्हा कसा दिसतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"घे," विलासराव म्हणाले. "घ्यायलाच हवं."

उत्तर बरोबर आलं. पण उशिरा आलं. बायको शहाणी राहावी की आपल्याजवळ राहावी, याचा विचार त्यांना करावा लागला होता. ज्योत्स्नाबाईंना आजवरच्या सगळ्या खोट्यापेक्षा ती थोड्या वेळाची शांतता जास्त झोंबली. दोन वर्षांचं खोटं तरी होऊन गेलेलं होतं. हे आत्ता त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

त्यांनी कागद ओढून घेतला, सगळी पानं वाचली आणि खाली सही केली.

आतल्या खोलीत सिस्टरने त्यांना पलंगावर निजवलं, हाताला सुई लावली आणि हातातला टॅब उघडला. औषध सुरू करण्याआधी दर वेळी चार-पाच प्रश्न विचारून ठेवायचे असतात, नंतरच्या उत्तरांशी ताडून बघायला. विलासराव दाराशी येऊन उभे राहिले होते.

"आजची तारीख सांगा, काकू."

"सत्तावीस फेब्रुवारी."

"आपण कुठे आहोत?"

"नागपूरला, तुमच्या केंद्रात. तिसरा मजला."

"घरी कोण कोण असतं?"

ज्योत्स्नाबाईंनी दाराकडे बघितलं नाही.

"मी एकटी," त्या म्हणाल्या.

सिस्टरने टॅबवर फाईल उघडून पाहिली. तिथे पती विलास तायडे, एकाच घरात राहतात, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिने सहानुभूतीने काकूंकडे बघितलं आणि त्या उत्तरापुढे हळूच फुली मारली.

ज्योत्स्नाबाईंना ती फुली दिसली.

"ती खोडा, सिस्टर," त्या शांतपणे म्हणाल्या. "उत्तर बरोबर आहे."